‘पिवळे म्हणजे भरले’: सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये नीट लावताना

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिवपद माझ्याकडे आले. चार इमारती, प्रत्येकीत चोवीस सदनिका, म्हणजे एकूण ९६ सभासद, असा हा संसार आहे. आधीच्या समितीने दप्तर हवाली केले तेव्हा त्यात लोखंडी कपाटाची किल्ली, संस्थेचा गोल शिक्का, इतिवृत्ताच्या तीन वह्या आणि एक पेनड्राइव्ह एवढ्या वस्तू होत्या. नोकरीची तीस वर्षे कार्यालयात काढल्यामुळे वर्ड आणि एक्सेल मला येतात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी दुसऱ्याने आखून दिलेल्या तक्त्यांत आकडे भरत आलो होतो, हे पुढच्या चार महिन्यांत स्पष्ट झाले.

लेखापरीक्षकांनी पहिलीच मागणी केली ती ३१ मार्चअखेरच्या थकबाकीच्या यादीची. पेनड्राइव्हमधली देखभाल शुल्काची फाइल उघडली, तर तिच्यात एकच भला मोठा तक्ता होता. डावीकडे इमारतीचे नाव चोवीस ओळींवर एकत्र केलेल्या उभ्या चौकटीत लिहिलेले होते, पुढे सभासदाचे नाव आणि त्यापुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. रक्कम सगळीकडे तीच होती आणि चौकटी पिवळ्या, पोपटी व लाल रंगांनी भरलेल्या होत्या. रंगांचा अर्थ कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून मी आधीच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, “पिवळे म्हणजे भरले, पोपटी म्हणजे अर्धे भरले, आणि लाल म्हणजे तिथे भांडण आहे.” अर्धे म्हणजे नेमके किती, हे त्यांच्या लक्षात होते, फाइलला मात्र ते ठाऊक नव्हते.

आमच्या खजिनदार बाई सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी तो तक्ता पाहून चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अहो, ही वही नाही, हा फलक आहे. आधी कीर्द लिहा, मग खतावणी होईल, आणि फलक शेवटी लावू.” कीर्द म्हणजे जमाखर्चाची तारीखवार वही आणि खतावणी म्हणजे तिच्यावरून काढलेला खातेवार हिशेब. पुढे जे जे अडले त्याचे मूळ बहुतेक वेळा बाईंच्या या बोलण्यात सापडले, कारण डोळ्यांना दिसणारी गोष्ट आणि चौकटीत खरोखर साठवलेली गोष्ट यांची आम्ही प्रत्येक ठिकाणी गल्लत केलेली होती.

एकत्र केलेल्या चौकटींपासून सुरुवात केली, कारण त्या असताना एक्सेल यादी क्रमाने लावूनच देत नाही. ‘मर्ज अँड सेंटर’ काढून टाकले की इमारतीचे नाव पहिल्या ओळीत राहते आणि खालच्या तेवीस ओळी रिकाम्या पडतात. त्या हाताने भरण्याची गरज नसते. संपूर्ण रकाना निवडून कंट्रोल आणि जी दाबावे, ‘स्पेशल’मध्ये ‘ब्लँक्स’ निवडावे, म्हणजे फक्त रिकाम्या चौकटी निवडल्या जातात. मग बरोबरचे चिन्ह टंकून वरचा बाण दाबावा आणि नुसते एंटर न दाबता कंट्रोलसह एंटर दाबावे. प्रत्येक रिकाम्या चौकटीत तिच्या वरच्या चौकटीतील नाव येते. यानंतर तोच रकाना कॉपी करून तिथेच ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवायला मात्र विसरू नये, कारण ती अजून सूत्रेच असतात आणि यादीचा क्रम बदलताच भलत्या इमारतीचे नाव दाखवू लागतात. रंगांचे काम त्या मानाने सोपे होते: फिल्टरमध्ये रंगानुसार निवड करता येते, तेव्हा एकेका रंगाच्या ओळी वेगळ्या काढून शेजारच्या रकान्यात ‘भरले’ किंवा ‘अंशतः’ असे शब्द लिहिले. पोपटी चौकटींसाठी मात्र पावतीपुस्तके उघडण्यावाचून इलाज नव्हता आणि त्यातच दोन रविवार गेले.

त्याहून जास्त वेळ सभासदांच्या नावांनी खाल्ला. जुनी नोंदवही ज्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली होती तो माझ्या संगणकावर नव्हता, त्यामुळे पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे बहुतेक मराठी फॉन्ट असेच चालत असत. फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरांची सांकेतिक मूल्ये आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवायचा. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत आणि ती उपयोगी पडतात, पण संपूर्ण तक्ता त्यांच्या हवाली करण्याची चूक मी केली. इंग्रजीतले ईमेल पत्तेही साधनाने इमानदारीने ‘मराठी’ करून टाकले. दुसऱ्या खेपेस फक्त नावांचा आणि पत्त्यांचा रकाना रूपांतरित केला. त्यानंतरही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा काही ठिकाणी चुकलेल्या होत्या. याचे कारण असे, की जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर, म्हणजे कागदावर दिसतात त्या क्रमाने टंकले जात, तर युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात. साधनाला जोडाक्षरात हा क्रम नेहमीच उलगडत नाही, म्हणून ९६ नावे मी एकेक करून वाचली.

वाचूनही एक चूक सुटली, कारण ती दिसणारी नव्हतीच. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव सभासद यादीत आणि वाहनतळाच्या यादीत अगदी सारखे दिसत होते, तरी एका यादीतून कॉपी करून दुसरीत शोधले असता सापडत नव्हते. अक्षरे मोजणारे ‘लेन’ हे फंक्शन लावून पाहिले, तर एका ठिकाणी उत्तर ८ आले आणि दुसऱ्या ठिकाणी ९. मराठीतला हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. टंकन करणाऱ्याचा कळफलक जसा असेल तसा प्रकार फाइलमध्ये शिरतो. ‘ॲडव्होकेट’मधल्या पहिल्या अक्षराचीही हीच गत आहे: ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टंकता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही तयार होते. अदृश्य जोडचिन्हाचा क्रमांक ८२०५ आहे. ‘युनिकार’ या फंक्शनला तो दिला की ते चिन्ह मिळते आणि ‘सब्स्टिट्यूट’ वापरून सर्व नावे एकाच प्रकारात आणता येतात. त्याच फेरीत ‘ट्रिम’ लावून नावांच्या आगेमागे राहिलेल्या मोकळ्या जागाही काढून टाकल्या.

‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’ ही उपपदे नावाच्याच चौकटीत होती, त्यामुळे यादी अकारविल्हे लावली की निम्मी सोसायटी ‘श’खाली गोळा होत असे. उपपद, आडनाव, नाव आणि वडिलांचे वा पतीचे नाव असे चार रकाने केले आणि छापताना ते जोडून घेतले.

सदनिकांच्या क्रमांकांनीही असाच दगा दिला. आमच्याकडे तिसऱ्या इमारतीतील बाराव्या सदनिकेला ‘३-१२’ म्हणतात. ते एक्सेलमध्ये टंकल्याबरोबर ३ डिसेंबर ही तारीख झाली. घाईघाईने चौकटीचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ केला, तर तिथे ४५२६३ हा आकडा उमटला. एक्सेल तारीख साठवते ती १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांच्या आकड्याच्या रूपात, आणि ३ डिसेंबर २०२३ चा आकडा तोच आहे. तेव्हा रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा तो टंकण्याआधी. नंतर केल्यास मूळ मजकूर परत मिळत नाही. धनादेशांच्या क्रमांकांचे सुरुवातीचे शून्य याच कारणाने गळतात. एका सभासदाच्या सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक जपते. ज्या क्रमांकाची कधी बेरीज करायची नसते तो आकडा समजूच नये, हे खजिनदार बाईंनी मला तीनदा सांगितले होते.

बँकेकडून आलेल्या उताऱ्यात तारखांचा घोळ होता. ज्या संगणकावर मी तो उघडला त्याची प्रादेशिक मांडणी अमेरिकी पद्धतीची राहिली होती, म्हणून ५ जूनची जमा ६ मे रोजी झालेली दिसत होती आणि २५ जूनची तारीख महिना म्हणून पंचवीस हा आकडा बसत नसल्यामुळे नुसता मजकूर होऊन चौकटीत डावीकडे सरकली होती. डावीकडे चिकटलेली तारीख ही तारीखच नाही, एवढे ओळखता आले तरी निम्मे काम होते. त्या संगणकाची मांडणी भारताची करून घेतली. मग नव्याने घेतलेल्या उताऱ्यातील तारखांचा रकाना निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीत दिवस-महिना-वर्ष हा क्रम दिला, तेव्हा सर्व तारखा जागेवर आल्या. हाच उतारा मी टिपणांसह सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून साठवला तेव्हा मराठी टिपणांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागली. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडल्यावर ती अडचण मिटली.

जूनमध्ये खरी मांडणी उभी राहिली. ‘सभासद’, ‘मागणी’, ‘कीर्द’, ‘खतावणी’ आणि ‘छपाई’ अशी पाच पाने केली. कीर्दीत प्रत्येक पावतीला एक ओळ असते: तारीख, सदनिका, रक्कम, प्रकार आणि पावती क्रमांक. प्रकारासाठी ‘डेटा व्हॅलिडेशन’ने रोख, धनादेश आणि ऑनलाइन एवढेच तीन पर्याय ठेवले, कारण आधीच्या फाइलमध्ये ‘चेक’, ‘चेकने’, ‘धनादेश’ आणि ‘बँक’ हे चारही शब्द एकाच अर्थाने नांदत होते. खतावणीत कुणीही काही लिहीत नाही. ‘सम-इफ्स’ हे फंक्शन सदनिकेच्या क्रमांकावरून मागणीची आणि जमेची बेरीज आणते व त्यांतील फरक म्हणजे बाकी. ज्याने कागदी खतावणी एकदा जरी हाताने उतरवली आहे त्याला या फंक्शनचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

येथे माझ्याकडून एक चूक झाली आणि ती गावभर झाली. बेरजेसाठी मी कीर्दीची पाचशेव्या ओळीपर्यंतचीच कक्षा दिली होती. सप्टेंबरच्या शेवटी कीर्दीने ती ओळ ओलांडली आणि त्यानंतरच्या पावत्या खतावणीने पाहिल्याच नाहीत. ऑक्टोबरची बिले वाटली गेल्यावर सात सभासद पावत्या घेऊन माझ्या दारात उभे राहिले. कीर्दीवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि टी दाबले असते, तर ती रीतसर ‘टेबल’ झाली असती आणि नव्या ओळीबरोबर कक्षाही आपोआप वाढली असती. आता तसे केले आहे, आणि शिवाय खतावणीच्या डोक्यावर एक ताळा ठेवला आहे: कीर्दीची एकूण जमा आणि खतावणीची एकूण जमा यांतला फरक शून्य असल्याखेरीज मी बिले छापत नाही.

व्याजाच्या बाबतीत जुन्या फाइलने अनवधानाने अन्याय केला होता. २०२३ मध्ये आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज घेता येत होते आणि आमच्या सभेने १८ टक्के ठरवलेले होते. जुन्या तक्त्यात दर महिन्याचे व्याज थकबाकीतच मिळवले जाई आणि पुढच्या महिन्याचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर लागत असे. दहा हजारांच्या थकबाकीवर वर्षाचे सरळव्याज १,८०० रुपये होते. त्या पद्धतीने ते १,९५६ होत होते. मुद्दल आणि व्याज यांचे रकाने वेगळे केल्यावर हा दोष निघाला. व्याजाचा दर एकाच चौकटीत लिहिला असून सूत्रात तिचा पत्ता एफ-४ दाबून डॉलरच्या चिन्हांनी पक्का केला आहे, म्हणजे सूत्र खाली ओढले तरी पत्ता हलत नाही आणि उद्या सभेने दर बदललाच तर एकच आकडा बदलावा लागेल.

रुपयांचे पूर्णांक करणे हाही असाच फसवा प्रकार आहे. समजा, एक लाखाचा खर्च ९६ सदनिकांत समान वाटायचा, तर प्रत्येकी १,०४१ रुपये ६७ पैसे येतात. चौकटीची दशांश स्थळे कमी केली की तिथे १,०४२ दिसते, पण आत मूळ अपूर्णांकच राहतो. बिले १,०४२ ची जातात, सभासद तेवढेच भरतात, आणि ९६ सदनिकांचे मिळून ३२ रुपये जास्त जमा होतात, जे मागणीच्या बेरजेत कुठेच दिसत नाहीत. रक्कम ‘राउंड’ फंक्शनने खरोखर पूर्णांक करावी आणि उरलेले बत्तीस रुपये ताळेबंदात उघडपणे दाखवावेत. लेखापरीक्षक रकमेच्या आकाराकडे पाहत नाहीत, रक्कम कुठून आली हे विचारतात.

बिले मराठीत काढायची आणि ती वर्डच्या ‘मेल मर्ज’मधून काढायची, असे समितीने ठरवले. मेल मर्ज म्हणजे एकाच नमुन्यात यादीतील प्रत्येकाची माहिती आपोआप भरून देणारी सोय; ती एक्सेलमधला साठवलेला आकडा उचलते. तिथे दिलेला स्वल्पविराम किंवा तारखेचा भारतीय क्रम तिच्याबरोबर येत नाही. पहिल्या छपाईत देय दिनांक महिना आधी आणि दिवस नंतर अशा क्रमाने उतरला. वर्डमध्ये आल्ट आणि एफ-९ दाबून त्या जागांची सांकेतिक रूपे उघडता येतात आणि मांडणी तिथे सांगता येते, परंतु मला ‘छपाई’ हे वेगळे पान सोयीचे वाटले. त्या पानात प्रत्येक रक्कम ‘टेक्स्ट’ फंक्शनमधून मजकूर होऊन येते आणि वर्ड ती आहे तशी घेते. हिशेबाच्या पानांत आकडे इंग्रजी अंकांतच आहेत. ‘छपाई’त मांडणीच्या जागी [$-4000439]0 असा संकेत दिला की तेच आकडे देवनागरी अंकांत उमटतात. या पानाच्या पहिल्याच ओळीत रकान्यांची शीर्षके असावी लागतात. वर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक सजवून लिहिण्याचा मोह मला आवरला नव्हता, आणि वर्डला शीर्षके सापडेनात तेव्हा ती सजावट पुसावी लागली.

अक्षरी रकमेने मात्र मजा आणली. इंग्रजीत वीसनंतरचे शब्द जोडून तयार करता येतात. मराठीत एक ते नव्याण्णव हा प्रत्येक शब्द स्वतंत्र, म्हणून शून्यापासून नव्याण्णवपर्यंत शंभर ओळींचा तक्ताच लिहावा लागला. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ लिहिताना मी आणि खजिनदार बाई, दोघांनीही शुद्धलेखनाचा कोश उघडला. रकमेतून हजार, शतक आणि उरलेला भाग वेगळे काढायचे आणि ‘व्ही-लुकअप’ने तिन्ही शब्द आणून जोडायचे, एवढेच सूत्र आहे. तरी २,१०० साठी ते ‘दोन हजार एकशे’ असे लिहू लागले. शतकानंतर काही नसेल तर ‘शंभर’ आणि असेल तर ‘एकशे’ हा आपल्या भाषेचा नियम ‘इफ’ घालून वेगळा शिकवावा लागला. शून्याच्या ओळीपुढची चौकट रिकामी ठेवली होती; ती जोडताना दुहेरी मोकळ्या जागा राहतात, त्या ‘ट्रिम’ने जातात.

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. पेनड्राइव्हमधला सूचनेचा जुना नमुना उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबले, तेव्हा एरवी न दिसणारी चिन्हे दिसू लागली. नवे पान गाठण्यासाठी एकोणीस वेळा एंटर आणि सही उजवीकडे नेण्यासाठी साठेक वेळा स्पेसबार दाबलेला होता, त्यामुळे विषयपत्रिकेत एक विषय वाढला की अध्यक्षांची सही पुढच्या पानावर जात असे. कंट्रोल आणि एंटर दाबून पान तोडले, सहीचा परिच्छेद उजवीकडे लावला आणि शीर्षकांना ‘हेडिंग’च्या शैली दिल्या. अहवालाची अनुक्रमणिका आता त्या शैलींवरूनच तयार होते.

देवनागरीसाठी दोन गोष्टी मला उशिरा समजल्या. वर्ड इंग्रजी आणि देवनागरी अक्षरांचा फॉन्ट व आकार वेगवेगळे लक्षात ठेवते. फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाचा भाग असतो आणि मराठीचा आकार तिथे ठरतो. वरच्या भागात चौदा लिहून मराठी अक्षरे बाराचीच का राहतात, याचा उलगडा तिथे झाला. दुसरे असे, की ओळींतील अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवले तर मात्रा आणि अनुस्वार वरून कापले जाऊ शकतात, म्हणून ते ‘अ‍ॅट लीस्ट’ किंवा पटीत ठेवावे. ‘श्री.’ एका ओळीच्या शेवटी आणि आडनाव पुढच्या ओळीत असे होऊ नये यासाठी मध्ये साध्या स्पेसऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस दाबतो. अनेक पानांवर जाणाऱ्या तक्त्याची शीर्षओळ ‘रिपीट हेडर रोज’ने प्रत्येक पानावर येते, एक्सेलमध्ये हेच काम ‘प्रिंट टायटल्स’ करते. सभासदांना फाइल पाठवायची ती पीडीएफ करूनच, कारण मोबाइलवर वर्डची फाइल प्रत्येकाकडे निराळी दिसते आणि मग सूचनेपेक्षा तिच्या रूपावरच चर्चा होते.

‘जे’ नमुन्यातील सभासद यादीचे काम अजून पुरे झालेले नाही. चार सभासदांची नावे आमच्या यादीत आणि त्यांच्या भागप्रमाणपत्रावर वेगवेगळी आहेत. दोघांकडे आडनावाचे लेखन निराळे आहे आणि दोघांकडे सहसभासदाचे नाव आधी आलेले आहे. मूळ प्रमाणपत्रे पाहायला मिळेपर्यंत त्या ओळी बदलायच्या नाहीत, असे ठरले आहे. शेरा लिहिण्याच्या रकान्यात त्या चौघांपुढे मी ‘प्रमाणपत्र पाहणे बाकी’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून तारीख टाकली आहे, आणि चौकटीला रंग दिलेला नाही.